समासातलं नाव

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने शाळेची पाच उद्दिष्टं लिहिलेली आहेत. मी या शाळेत इतिहास शिकवते, गेली काही वर्षं पर्यवेक्षिकाही आहे, आणि तरी ती पाचही उद्दिष्टं मला न बघता सांगता येणार नाहीत. राष्ट्रप्रेम आहे, श्रमप्रतिष्ठा आहे, स्वच्छता असणारच. तपासणीला साहेब येणार असले की शिपाई ती भिंत पुसतो. उद्दिष्टं भिंतीवर असलेली बरी, तिथे ती कोणाच्या पायात येत नाहीत. आमची वैजयंती मात्र ती भिंत वाचते. नुसती वाचत नाही, मनावर घेते, आणि हाच तिचा मुख्य दोष आहे.

वैजयंती आमच्याकडे गणित शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, बोनकोडे गावाच्या कडेला. निम्मी मुलं गावातली, बरीचशी तुर्भ्याच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या आईवडिलांची, आणि थोडी सेक्टरांमधल्या सोसायट्यांतली, ज्यांच्या घरी इंग्रजी माध्यमाचा निर्णय अजून लोंबकळतो आहे. वैजयंती मूळची कराडकडची. लग्न होऊन कोपरखैरण्याला आली आणि शाळेत लागली तेव्हा वर्गांवर पत्रे होते. आता पक्के तीन मजले झाले, तरी ती अजून पत्र्याखाली शिकवत असल्यासारखी ओरडून शिकवते. तळमजल्यावर मी शिवकाल शिकवत असते आणि वरून तिचं वर्गसमीकरण ऐकू येत असतं. माझ्या मुलांना इतिहासाच्या पेपरात सूत्रं आठवतात ती यामुळे.

अंगाने ती उंच, हाडापेराने मजबूत. सुती साडीचा पदर सकाळीच कमरेला खोचलेला, केसांत खडूची भुकटी, चष्मा डोक्यावर आणि तोच चष्मा शोधत सगळ्या टेबलांचे खण उघडणं रोजचं. अक्षर इतकं वाईट की तिचा तीन आणि पाच वेगळा ओळखता आला, की मूल नववीत मुरलं असं आम्ही समजतो. स्वभावाने रागीट. रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी आणि शिक्षण खात्याच्या परिपत्रकाशी ती एकाच पट्टीत भांडते. डब्यात नेहमी दोन पोळ्या जास्त असतात. त्या कोणासाठी असं विचारलं तर अंगावर येते. मला ती फार आवडते. हे तिला सांगायची सोय नाही, कारण ती लगेच म्हणणार, काम काय आहे ते बोल.

तर त्या भिंतीवरचं तिसरं उद्दिष्ट आहे, ‘परस्पर सहकार्यातून ज्ञानवृद्धी’. एका वर्षी जूनच्या शिक्षकसभेत वैजयंतीने उभं राहून विचारलं की हे तिसरं आपण तपासतो कसं. स्वच्छतेला मार्क आहेत, कवायतीला आहेत, मग सहकार्याला का नाहीत? मुख्याध्यापक नंदकुमार सरांना वाटलं ती थट्टा करते आहे, म्हणून ते हसले. सभेत हसून विषय संपवण्यात सरांचा हातखंडा आहे. पण वैजयंतीचा विषय तिथे संपला नाही, सुरू झाला.

तिने आपल्या वर्गांपुरता एक नियम काढला. चाचणीच्या पेपरात डावीकडे जो समास सोडतात, तो तिने नावासाठी राखून ठेवला. बाईंनी वर्गात सांगितलं आणि तिथेच समजलं, तर समास कोरा ठेवायचा. पण बाईंचं डोक्यावरून गेलं आणि मग मैत्रिणीने मधल्या सुट्टीत समजावलं, भावाने जिन्यात बसून शिकवलं, तर त्या गणितासमोर लिहायचं ‘अमक्याकडून’. ज्याचं नाव येईल तो वर्गातला असला तर त्याच्या खात्यात अर्धा मार्क. परीक्षा चालू असताना बोलायचं मात्र नाही. एक शब्दही नाही. तिथे ती सगळ्यांपेक्षा कडक.

सुरुवातीला आम्हाला वाटलं पोरखेळ आहे, श्रावण संपेपर्यंत विसरेल. झालं उलटंच. मधल्या सुट्टीत पोरं गिऱ्हाईक शोधावं तशी गणितात कच्ची मुलं शोधायला लागली. ज्यांना आजवर कोणी शेजारी बसू देत नव्हतं त्यांना एकदम भाव आला. मग अर्थातच नावांचा काळाबाजारही सुरू झाला. दोस्तीखातर एकमेकांची नावं समासात टाकायची आणि अर्धे मार्क वाटून घ्यायचे. वैजयंतीने तो एका दिवसात मोडला. ज्याने नाव लिहिलं त्याला फळ्याशी बोलवायची आणि विचारायची, त्याने तुला हे कसं शिकवलं ते सांग. कुठे अडलास, त्याने काय सांगितलं, मग काय सुटलं? ज्याने शिकवलेलंच नाही त्याचं हे सांगता येत नाही. त्याचं बघून लिहिलं असेल, तर बघणं म्हणजे शिकणं नव्हे, नाव खोड. आणि नाव खोडलं तर उत्तरही खोड, कारण मग ते तुझं कुठून आलं?

सोसायटीतल्या केयूर नावाच्या मुलाची आई एकदा तणतणत आली होती. आमचा मुलगा बाहेर क्लासला जातो, आम्ही फी भरतो, ते त्याने दुसऱ्यांना फुकट का द्यायचं, असा तिचा मुद्दा. वैजयंती म्हणाली, बरोबर आहे, मग त्याने क्लासच्या सरांचं नाव लिहावं. केयूर गुणी मुलगा, त्याने खरंच प्रत्येक गणितासमोर सरांचं नाव लिहिलं. वैजयंतीने सगळे अर्धे मार्क मोजले आणि त्या क्लासच्या सरांना निरोप धाडला की सहामाहीत तुम्ही नापास आहात, वर्गात फक्त एकाच मुलाला शिकवलंत. पुढच्या महिन्यापासून केयूर शेजारच्या बाकावर शिकवायला बसायला लागला. त्याची आई पुन्हा आली नाही.

मी हे हसत सांगते आहे, पण मला त्यातलं जे दिसत होतं ते सांगायलाच हवं. आमची मुलं आभार मानायला शिकत होती, आणि भाषणात मानतात तसे नव्हे. आपल्याकडे आहे ते कोणाकडून तरी आलेलं आहे, हे त्यांच्या अंगवळणी पडत होतं. शाळा आणखी कशासाठी असते, मला माहीत नाही.

पायल आमच्याकडे आठवीत आली. वडील धम्मपाल, परभणीकडचे, तुर्भ्याला एका पॅकिंगच्या कंपनीत कामाला. मुलगी शांत, सावकाश, एकेक अक्षर घासून लिहिणारी. गणित म्हटलं की तिचे हात गार पडायचे. नववीत तिच्या समासात एकच नाव सारखं दिसायला लागलं, हिरामण. हिरामण हा बोनकोड्याचा, आजोबांचंच नाव ठेवलेला, गणितात चलाख आणि बाकी सगळ्यात उनाड मुलगा. वैजयंतीने चार वेळा ओरडून सांगितलेलं तो पायलला शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी बसून, हातात खडे घेऊन सांगायचा. पायल सावकाश समजून घ्यायची, पण एकदा समजलं की पक्कं. दहावीच्या सराव परीक्षेत ती गणितात पास झाली तेव्हा वैजयंतीने मला जिन्यात थांबवून दंड धरून हलवलं.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. वैजयंतीने मुलांना हॉलतिकिटापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं बजावलं होतं. कंपासच्या पेन्सिलला टोक करा, मोबाइल घरी ठेवा, घड्याळ लावा. एकच गोष्ट सांगायची तिच्या डोक्यातच आली नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत कुठेही कोणाचं नाव लिहायचं नसतं. दुसऱ्या कुठल्याही शाळेत हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही शाळेतलं मूल बीजगणिताच्या पेपरात मित्राचं नाव लिहिणार नाही. आमच्या पायलने लिहिलं. अंकगणिती श्रेढीचं गणित सोडवलं आणि समासात, वळणदार अक्षरात, ‘हिरामणकडून’. आडनावांच्या क्रमाने हिरामण बसला होता तिच्या अगदी पुढच्या बाकावर.

एप्रिलच्या अखेरीला बोर्डाचं पत्र आलं. उत्तरपत्रिकेत दुसऱ्या परीक्षार्थीचं नाव आढळलं, गैरप्रकाराचा संशय आहे, दोन्ही मुलांनी आणि शाळेच्या प्रतिनिधीने चौकशी समितीपुढे हजर राहावं. बोर्डाचं काही चुकलं नव्हतं. पुढच्या बाकावरच्या मुलाचं नाव लिहून त्याच्याकडून उत्तर मिळालं असं कोणी स्वतःच कळवत असेल, तर दुसरं काय समजायचं? दोष शाबीत झाला तर दोघांचीही अख्खी परीक्षा रद्द होणार होती.

पायलला विचारलं तर ती पांढरीफटक. म्हणाली, हात आपोआप गेला. तिचे वडील कंपनीतून तसेच युनिफॉर्मवर आले आणि टोपी हातात धरून उभे राहिले. ‘बाई, लेकरानं चोरी केली नाही, हे मला ठाव हाय. पण लेकराचं वर्ष जाईल. वर्ष गेलं की माझं बळ न्हाई तिला परत बसवायचं.’ एवढंच बोलले. हिरामणची आजी बायजाबाई मात्र नाकात नथ, डोळ्यांत आग अशी आली आणि ऑफिसच्या दारातूनच तिने वैजयंतीला धरलं. ‘माज्या नातवाचं नाव पेपरान कनाला लिवलं? त्यानं शिकवलं, त्याचं ह्ये पांग फेडलं?’ नंतर जे बोलली ते मी लिहीत नाही. वैजयंती, जी शिक्षणाधिकाऱ्यालाही बोलू देत नाही, ती मान खाली घालून ऐकत राहिली. मला ते बघवेना.

म्हातारी गेल्यावर नंदकुमार सरांनी दार लावून घेतलं आणि तोडगा काढला. पायलने समितीला सांगायचं की हिरामण हे माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे, त्याची आठवण आली, भीतीने हात गेला. लेकरू आहे, समिती हसून सोडून देईल. तिच्या भावाचं नाव खरं म्हणजे वेगळं आहे, पण कोण बघायला जातंय? मी सरांच्या बाजूने बोलले. तो सल्ला वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. एका साध्या वाक्यात दोन मुलं सुटत होती.

वैजयंती म्हणाली, ‘इतकी वर्षं मी त्यांना खरं नाव लिहायला लावलं. आता पहिल्यांदाच ते महाग पडतंय, तर मीच खोटं नाव शिकवू?’

सर म्हणाले, तत्त्वं तुमची आहेत, वर्ष त्या मुलीचं जाणार आहे. हेही खरं होतं. त्या आठवड्यात वैजयंती ओरडली नाही. जादा तासांना ती कुजबुजल्यासारखं शिकवत होती आणि नववीची मुलं घाबरून एकदम शहाणी झाली होती. शेवटी तिने पायलला आणि धम्मपालला बोलावलं, दोन्ही वाटा समोर ठेवल्या, सरांची आणि खरी. खरं सांगितलं तर कदाचित विश्वास बसणार नाही, हेही सांगितलं. आणि म्हणाली, तू जे सांगशील त्याच्या मागे मी उभी राहीन, खोटं सांगितलंस तरी तुझ्यावर रागावणार नाही. मी तिथेच होते. धम्मपाल म्हणाले, घरी बोलतो.

चौकशीच्या दिवशी नंदकुमार सरांना नेमका ताप आला. मी ताप म्हणते, कारण दुसरा शब्द लिहिला तर ते वाचतील. शाळेची प्रतिनिधी म्हणून मी वाशीला बोर्डाच्या ऑफिसात गेले. वैजयंतीला आत प्रवेश नव्हता, तरी ती आली. बाहेरच्या बाकावर एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला बायजाबाई, मधे धम्मपाल. पायल काय सांगणार आहे हे तोवर आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

आत तिघांची समिती. अध्यक्षबाई वयस्कर, थकलेल्या, आवाज अगदी खाली. शेजारी बारीक मिशीचे एक सदस्य, हातातलं पेन सारखं उघडमीट करणारे. तिसरे लिहून घेत होते. अध्यक्षबाईंनी उत्तरपत्रिका पायलपुढे सरकवली आणि विचारलं की हे नाव कोणाचं आहे.

माझ्या मनात सरांनी सुचवलेलं धाकट्या भावाचं वाक्य घोळत होतं. म्हण, पोरी, म्हणून टाक.

‘हिरामणचं,’ पायल म्हणाली. ‘माझ्या वर्गातला. हे गणित मला त्याने शिकवलं, जानेवारीत.’

मिशीवाले सदस्य माझ्याकडे वळले. मी समासाचा नियम सांगितला, अर्ध्या मार्काचंही सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, म्हणजे कॉपी कोणाची केली ते लिहा, असं शाळाच शिकवते. माझा पारा चढला होता, पण प्रतिनिधीने पारा चढवून चालत नाही. मी म्हटलं, शिकलो कोणाकडून ते लिहा, असं शिकवते. ते म्हणाले, दोन्हीत फरक कसा ओळखायचा? आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत बसून मलाही तो सिद्ध करता येत नव्हता.

अध्यक्षबाईंनी एका कोऱ्या कागदावर दुसरे आकडे घालून तसंच गणित दिलं. पायलने ते सोडवलं. सावकाश, पहिली आणि शेवटची संख्या जोडून, मग दुसरी आणि शेवटून दुसरी, अशा जोड्या लावत. उत्तर बरोबर आलं. मला वाटलं, सुटलो. पण मिशीवाले म्हणाले की परीक्षेला दोन महिने होत आले, एवढ्यात कोणीही घोकून घेईल, आज येतं म्हणून त्या दिवशी येत होतं असं होत नाही. माणूस मला आवडला नव्हता, तरी त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

मग हिरामणला बोलावलं. मी मागे बघितलंच नाय, एवढं एकच तो तीन प्रकारांनी म्हणाला आणि रडायला लागला. त्याला बाहेर पाठवलं. अध्यक्षबाईंनी दोन्ही मुलांच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेक पान उलटत राहिल्या. शेवटच्या पानाशी थांबल्या. पायलच्या पानावर प्रश्नाचा क्रमांक टाकलेला होता आणि खाली काहीच नव्हतं. हिरामणच्या पानावर तेच गणित पूर्ण सोडवलेलं, बरोबर, मोठ्या अक्षरात.

‘हे कोरं का?’ त्यांनी विचारलं.

पायल म्हणाली, येत नव्हतं.

‘तो तुझ्या पुढे बसला होता. त्याचा पेपर तुला दिसत नव्हता?’

मी डोळे मिटले. नाही म्हण, एवढंच माझ्या मनात. आता तरी नाही म्हण.

‘दिसत होता, मॅडम,’ पायल म्हणाली. ‘तो हात बाजूला घ्यायचा तेव्हा सगळं दिसायचं. पण ते त्याने मला शिकवलं नव्हतं ना. मग मी समासात काय लिहिलं असतं?’

मी डोळे उघडले. पेनाची उघडमीट थांबली होती. पायल तिघांकडे आळीपाळीने बघत होती, आपलं काही चुकलं का अशा नजरेने. आपण काय बोलून गेलो हे तिला कळलेलं नव्हतं. उत्तर मांडायचं तर ते कुठून आलं हे सांगता आलं पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर जागा कोरी सोडायची, यात तिला काही विशेष वाटतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी मुलांना कितीतरी थोर माणसांचा खरेपणा शिकवला आहे, सनावळ्यांसकट. तो असा समोर बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

अध्यक्षबाईंनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने शिपायाने मला परत आत बोलावलं. गैरप्रकार आढळत नाही, निकाल सगळ्यांबरोबर लागेल, नाव लिहिल्याबद्दल मुलीला आणि शाळेला लेखी समज. तिन्ही सह्या झालेल्या होत्या, मिशीवाल्यांचीही. मी निघाले तेव्हा अध्यक्षबाईंनी विचारलं, त्या गणिताच्या बाई कोण आहेत? मी म्हटलं, बाहेर बसल्यात. त्यांनी मान हलवली आणि पुढची फाइल ओढली.

बाहेर येऊन मी सांगितलं. धम्मपालांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. बायजाबाईने नातवाला एक धपाटा घातला, मग पायलला जवळ ओढून तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. वैजयंतीकडे बघून म्हणाली, ‘बाय, तवा लय बोलली मी.’ वैजयंतीने नुसता तिचा हात धरला.

मग मी वैजयंतीला जरा बाजूला घेऊन आतलं सगळं सांगितलं. पायलचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं ती आनंदाने माझा दंड धरून हलवेल, ऑफिस दणाणून जाईल असं काही बोलेल. अभिमान वाटायला याहून मोठं कारण कोणत्या शिक्षकाला मिळणार? तिने विचारलं, ‘कोणतं गणित कोरं होतं?’

‘मध्यकाचं,’ मी म्हटलं. ‘सांख्यिकीतलं, शेवटचं.’

तिचा चेहरा पडला. सांख्यिकी हा पुस्तकातला शेवटचा धडा. म्हणाली, ‘तो मी उरकला गं. सराव परीक्षा तोंडावर आली होती. पायलच्या चेहऱ्यावर दिसत होतं की समजलं नाही, आणि मी पुढे गेले.’ आणि मग ती रडली. तोंडाला पदर लावून, हुंदके देत रडली. सगळं निस्तरलं, दोन मुलं सुटली, तिचा नियम खरा ठरला, आणि ही बाई एका कोऱ्या राहिलेल्या गणितासाठी रडत होती. तिच्यासारखी बाई मी पाहिलेली नाही. तिथे, त्या व्हरांड्यात, मी हे तिला सांगूनही टाकलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

डोळे पुसून ती सरळ पायलकडे गेली. रिक्षा येऊन उभी होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वैजयंती बाकावर बसली, पायलला शेजारी बसवलं आणि माझ्या हातातून चौकशीच्या पत्राचं पाकीट ओढून घेऊन त्याच्या मागच्या बाजूला तक्ता आखायला लागली. परीक्षा होऊन गेली होती. पुन्हा कोणी पायलला मध्यक विचारणार नव्हतं, बहुधा जन्मात नाही. ऑफिसातल्या अर्जांच्या खिडकीशी उभ्या असलेल्या लोकांच्या रांगेकडे बोट दाखवून वैजयंती म्हणाली, ही रांग बघ. यातला बरोबर मधला माणूस कोण ते आपल्याला हवंय. पण माणसं सुटी मोजता येत नाहीत, गठ्ठ्यांनी उभी आहेत. मग आधी तो कोणत्या गठ्ठ्यात आहे ते शोधायचं. तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढला होता. रांगेतले लोक वळून बघत होते. हिरामणही येऊन पलीकडून पाकिटावर वाकला.

बराच वेळ गेला. ‘समजलं?’ वैजयंतीने विचारलं.

पायलने पाकिटाकडे पाहिलं आणि मान हलवली. ‘नाही, बाई. परत एकदा सांगा ना.’

धम्मपालांनी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि तेही येऊन बाकावर बसले. वैजयंतीने पाकिटाची कोरी जागा शोधली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.